दारात ताप नसे

आमच्या पाळणाघरात सकाळी दारात एकाही मुलाला ताप नसे. दुपारच्या जेवणाआधी एखादे तरी मूल तापाने फणफणलेले असे.

मित्रांनो, मी तिथला जुना, काचेचा थर्मामीटर आहे. माझी नळी ओढताना आतली पोकळी केसाएवढी बारीक राखली गेली आणि प्रत्येक रेघ पडताळूनच कोरली गेली. पारा चढणे हा माझा स्वभाव नव्हे, माझे काम आहे. तरीही आज मी रागाने बोलतो आहे, कारण या प्रकारात पहिला आळ माझ्यावर आला.

पाळणाघर ते चालवणाऱ्या मावशींच्या राहत्या घरातच होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी, खिडकीशी सर्वांत धाकट्या बाळाचा पाळणा. दारावर दोन नियम चिकटवलेले होते. ताप असलेले मूल घेतले जाणार नाही. गैरहजर दिवसाचे शुल्क पूर्ण द्यावे लागेल. सुटे सुटे वाचले तर दोन्ही वाजवी. पहिल्या नियमासाठी मावशी मला रोज प्रत्येकाच्या काखेत लावत आणि चारचौघांत माझे कौतुक करत.

दुपारचे ताप वाढले आणि कौतुक आटले. शेजारचे काका म्हणाले, हा सकाळी झोपेत असतो, जेवायच्या वेळी जागा होतो. सगळे हसले. मावशींनी मला स्वतःच्या काखेत धरून पाहिले. आकडा बरोबर आला. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र कोणी काढला नाही. मला चमच्यांच्या डब्यात टाकून बटणाचा नवा थर्मामीटर आणला गेला. सकाळी तोही तेच सांगू लागला. माझी माफी कोणी मागितली नाही.

मग पाळण्यातल्या बाळाला ताप आला, धाप लागली, त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. ताप कोणाकडून गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. आदल्या दिवशी खोलीत तापलेली एकच होती: शिवणकारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईंची मुलगी, चिमणी. संध्याकाळी आई न्यायला आली, तेव्हा मावशींनी तिच्यादेखत चिमणीलाच विचारले, काल सकाळी काय काय खाल्लंस?

"गोड औषध," चिमणी म्हणाली. "अंग गरम असलं की आई देते. मग मावशी घरात घेते."

आईचा चेहरा उतरला, आवाज मात्र चढला. "घरी ठेवली तर माझा रोज बुडतो, वर तुमचेही पैसे भरायचे. एका तापाचा दोनदा दंड कुठून भरू, मावशी?"

"ते बाळ काय भरतंय, ते दवाखान्यात जाऊन बघ." मावशींनी चिमणीची पिशवी तिच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "तुझे पैसे सोडले तर माझं भाडं थकतं गं."

दोघी खरे बोलत होत्या. माझा संताप त्यामुळेच शमत नाही. दोघींच्या खऱ्याची किंमत ज्याने मोजली, त्याला अजून बोलताही येत नव्हते.

बाळ परत आले, गालफडे बसलेले. त्याच दिवशी मावशींनी दुसरा नियम नखाने खरवडून काढला. आजारपणाच्या दिवशी अर्धेच शुल्क. तोटा दोन्ही घरांनी वाटून घ्यायचा. पुढच्या खेपेला चिमणीच्या आईचा सकाळीच फोन आला.

"अंग गरम आहे, मावशी. ठेवते घरी."

"ठेव. आणि झोपू दे तिला."

मित्रांनो, मोजणाऱ्याला खोटा ठरवण्याआधी, मोजण्यापूर्वी काय घडले ते तपासा. आमच्याकडचे कारण असे होते: तापलेले मूल दारातून परत जाई आणि त्या दिवसाचे पैसेही पूर्ण लागत, म्हणून घरून निघण्याआधी त्याला ताप उतरवणारे औषध दिले जाई. त्या औषधाचा असर दुपारपर्यंतच टिकतो.