पडद्यावर दुर्गाबाई

सीडी उद्या छापायला जायची होती आणि आज भर दुपारी देवजीकाका सुनीतीच्या वाशीच्या ऑफिसात येऊन बसले.

"वयनीनं माझा नाव घेतलाय म्हनतात. मना दाखव."

सुनीतीने वर्षभर खपून करावे गावच्या मच्छीमारांवर ही मल्टिमीडिया सीडी केली होती. पडद्यावर खाडीचा नकाशा. होडीवर क्लिक केलं की मजकूर उघडायचा, जाळ्यावर केलं की गाणं, चेहऱ्यावर केलं की तो माणूस स्वतः बोलू लागायचा. तिने मुद्दाम होडीपासून सुरुवात केली.

"ह्या नको. वाचता मना येत नाय. वयनीला लाव."

ऑफिसात तिसरं कुणी नव्हतं. देवजीकाकांचा शब्द गावात कुणी मोडत नसे, आणि त्यांच्या वहिनीला, दुर्गाबाईंना, त्याच गावात, त्यांच्याच शेजारी राहायचं होतं. पण दुर्गाबाईंनीच बजावलं होतं, 'बोललेय तसाच ठेव.' सुनीतीने क्लिक केलं.

काडेपेटीएवढ्या चौकटीत चित्र अडखळत होतं. आवाज मात्र स्वच्छ होता.

"वादळात माझ्या घोवाची होडी देवजीच्या होडीला बांधली व्हती. सख्खा भाऊस त्याचा. त्यानं दोर कापला, माझा मानूस परत आला नाय. अठरा वर्सं झाली. मी इचारला नाय, त्यानं सांगला नाय."

देवजीकाका ताडकन उठले. खुर्ची मागे आपटली.

"पुन्ना लाव."

तिने तीनदा लावलं.

"काढशील ह्या?"

"नाही काका. त्यांनी सांगितल्याशिवाय नाही."

ते कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे वळले. मग म्हणाले, "माझा पन घे."

कॅमेऱ्यासमोर ते दोनच वाक्यं बोलले. "माझ्या होडीत चार मानसं व्हती, पानी भरत आलता. दोर मीच कापला."

सुनीतीने छपाई थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुर्गाबाईंना रिक्षाने ऑफिसात आणलं. देवजीकाकाही आले, पण दारातच उभे राहिले. दिराचा आवाज स्पीकरमधून आला तशी दुर्गाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. ऐकून झाल्यावर त्या दाराकडे वळल्या.

"तो ओरडला काय?"

"नाय." देवजीकाकांची नजर खाली गेली. "त्यानंच कोयता फेकला माझ्याकडं. काप म्हनला."



"मग सांगला का नाय?"

"तुला वाटला असता, तो तुला सोडून आपनहून गेला. माझ्यावरचा राग परवडला, वयनी."

 दुर्गाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस हितं," त्या दिराला म्हणाल्या. "पोरी, लाव तुझा कॅमेरा. ह्या पन त्यात जाऊ दे."

देवजीकाका येऊन बसले. सुनीतीने दोघांना एकाच चौकटीत घेतलं.