खुर्चीतले आजोबा

भूगोलाच्या बाईंनी एकदा मनात घेतलं की मग त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. शाळेत व्हीआरचे चष्मे आले. त्यात ध्रुवावरच्या अस्वलांखालचा बर्फ वितळण्याचा तयार कार्यक्रम होता, पण मुलं तो जांभया देत बघायची. परमुलखातल्या अस्वलांचं यांना काय पडलंय, म्हणत बाईंनी स्वतःच कॅमेरा उचलला, खाडीकाठच्या वस्तीचं चित्रण केलं आणि कॉम्प्युटरच्या सरांकडून त्यात समुद्राचं पाणी चढवून घेतलं.

चित्रणात एका दारापुढे खुर्चीत कुणी आजोबा बसले होते. "यांना काढून टाकू का?" सरांनी विचारलं.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "माणूस दिसला की पोरांच्या काळजाला भिडतं."

भिडलंच. नेहमी बाजार भरवणारा सातवीचा वर्ग चष्मे चढवून चिडीचूप झाला. पाणी आजोबांच्या गुडघ्यांपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, मग डोक्यावरून गेलं. ते आपले तसेच हसत बसलेले. बाई मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होत्या. तेवढ्यात जिला सगळे चिमणी म्हणत, त्या मुलीने चष्मा काढून बाकावर ठेवला आणि दप्तर उचलून ती निघून गेली. त्यानंतर ती शाळेत फिरकलीच नाही. ते आजोबा तिचे होते, हे बाईंना तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वस्तीत पोरं राहतात, आपल्याच वर्गात बसतात, हे साधं डोक्यात येऊ नये? शेवटी त्या स्वतःच चिमणीला समजावायला तिच्या घरी गेल्या.

घरातल्या गाद्या, भांडी, कपडे, सगळं माळ्यावर कोंबलेलं होतं. चिमणी आजोबांना खेटून बसली होती.

"या, बाई!" आजोबा खूश झाले. "हिला काहीतरी सांगा बुवा. काय डोक्यात घेतलंय कोण जाणे, सगळं सामान माळ्यावर चढवून बसलीय आणि मला सोडून हलत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निघालो तरी शेपटासारखी मागे. बरं, तो तुमचा सिनेमा दाखवलात का पोरांना? वस्ती दाखवायचीय म्हणालात, म्हणून मी मुद्दाम दाढीबिढी करून बसलो होतो. बरा दिसलो ना?"

"छान दिसलात," चिमणीच म्हणाली. "सगळ्यांना आवडलात."

म्हणजे पोरीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंची चूक तिने मुकाट्याने पोटात घातली होती. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

निघताना ती दारापर्यंत आली. आजोबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाई, त्यातून आजोबांना काढाल?"

"आजच काढते. चुकलंच गं माझं. आणि ते सगळं खोटं असतं, बाळा."

"पाणी पण?"

वर्गात कुणी हे विचारलं असतं तर बाईंनी फळ्यावर नकाशाच काढला असता, आणि त्यात हे घर निळ्या खडूखाली गेलं असतं. "पाणी..." एवढं म्हणून त्या अडल्या. 'हो, तेही खोटं' म्हणायला जीभ रेटेना, आणि खरं सांगायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

"मग मी उद्या पण शाळेत नाही येणार," चिमणी म्हणाली आणि आत जाऊन आजोबांजवळ बसली.