खालचा बोल्ट

फोटो चांगला आला होता. उमाबाईंकडे गाडी शिकणारी सुप्रिया त्यांच्याच गाडीवर बसलेली, हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, आणि मागे नोव्हेंबरातला पिवळा माळ थेट कड्यापर्यंत. उमाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. फोटो सुप्रियाच्या सासूला, अंबाबाईला, पाठवायचा होता. सून डोंगरावर येऊन कशी हसते ते तिलाही दिसू दे. चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पण बोट जरा घसरलं आणि चेहऱ्याऐवजी पुढचं चाक समोर आलं.

चाकाची डिस्क चिमटीत धरणारा ब्रेकचा कॅलिपर. त्याला दोन बोल्ट. वरच्या बोल्टवर लाल ठिपका होता. खालच्यावर नव्हता.

उमाबाईंनी फोटो आणखी मोठा केला. काळा, तेलकट, कोरा बोल्ट.

ठिपका नेलपॉलिशचा होता. ही त्यांची स्वतःची पद्धत. त्यांचे यजमान नाना राजदूतच्या काळात आवळलेल्या बोल्टांवर खडूने रेघ मारत, आणि ती पहिल्याच ओढ्यात धुऊन जाई. मग एकदा उमाबाईंनी लग्नात वापरून उरलेली लाल बाटली काढली. "आता बोल्टांना नटवून सासरी धाडा," असं नाना चिडवायचे. पण पुढे तेही बाटली मागून घेऊ लागले. नाना जाऊन चार वर्षं झाली. राजदूतही गेली. साठी उलटल्यावर उमाबाईंनी डोंगरात चालवायची ही हलकी, उंच गाडी घेतली तेव्हा अख्ख्या कर्जतने तोंडात बोटं घातली होती. नियम मात्र जुनाच राहिला. पाना लावून पूर्ण आवळलेल्या बोल्टवर ठिपका. नुसत्या हाताने फिरवून बसवलेल्यावर कधीही नाही. आणि काल लावलेला ठिपका आज निघून जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काल शनिवार. पुढच्या चाकाचं पंक्चर काढलं, चाक बसवलं, कॅलिपर जागेवर आणला. दोन्ही बोल्ट हाताने फिरवले. वरचा पान्याने आवळला, ठिपका दिला. आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला. दूध! गॅसवर दूध ठेवून त्या अंगणात आल्या होत्या. धावत आत गेल्या, शेगडी पुसली, पातेलं खरवडलं, स्वतःला चार शिव्या घातल्या. परत आल्या तेव्हा समोर लाल ठिपका दिसला. झालं की काम, असं म्हणून हत्यारं पिशवीत भरली.

त्यांनी एकच ठिपका पाहिला होता.

उमाबाई उठून उभ्या राहिल्या. माळ रिकामा होता. दहा मिनिटांपूर्वी सुप्रियाने हट्ट धरला होता, "बाई, उतरताना तुमची गाडी देता? पुढच्या आठवड्यात मी अशीच गाडी विकत घेणार ना? एकदा उतारावर चालवून बघू दे." त्यांनीही हसत चावी दिली आणि तिच्या नवऱ्याची, स्वप्नीलची, दोनशे किलोची गाडी स्वतःकडे ठेवून घेतली. "हो पुढे. मी जरा पाठ टेकते."

त्यांनी फोन लावला. रेंजची एकच काडी होती, पण रिंग गेली. आणि ती त्यांच्या पाठीमागेच वाजू लागली. सुप्रियाची पिशवी स्वप्नीलच्या गाडीला बांधलेली होती, आणि फोन पिशवीत होता.

उमाबाईंनी हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला. गाडी सुरू केली.

ही वाट विजेच्या मोठ्या टॉवरांसाठी केलेली. शहाऐंशी साली ते टॉवर उभे राहत होते तेव्हा उमाबाई सातवीच्या वर्गाला घेऊन ते बघायला आल्या होत्या. मजूर लोखंडाच्या पट्ट्या डोक्यावरून वर चढवत होते, आणि खाली चौक गावाच्या हमरस्त्यावर ट्रकांची रांग मुंगीसारखी सरकत होती. तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता. आज ते सगळं डोळ्यांसमोर येत होतं आणि त्यांना नको होतं. डोळ्यांना फक्त वाट हवी होती.

आंब्याच्या फाट्यापर्यंत उतार सौम्य आहे, त्या स्वतःला सांगत होत्या. तिथवर पुढचा ब्रेक फारसा लागत नाही. आणि फाट्यावर ती थांबेल. त्यांचा नियमच होता: फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. फाट्याच्या पुढे मात्र सात वळणं होती, सुट्या दगडांची, ओढ्यापर्यंत. तिथे ब्रेकशिवाय गत्यंतर नाही. कोरा बोल्ट हादऱ्यांनी फिरत फिरत निघाला तर कॅलिपर एकाच बोल्टवर लोंबेल, वळून स्पोकांत घुसेल, आणि चाक जागच्या जागी अडकेल. वळणावर, उतारावर. सुप्रियाची मुलगी तीन वर्षांची होती.

"पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू दाबायचा," असं तिला शिकवलं होतं कोणी? त्यांनीच.

जड गाडी दगडावरून उसळली, आडवी सरकली, सावरली. एकदा मागचं चाक गवतात गेलं तेव्हा त्यांनी चक्क देवाचं नाव घेतलं, जे गेल्या कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं.

आंबा दिसला. आंब्याखाली गाडी नव्हती.

गवताचा भारा बांधत येसाजी बसला होता. सत्तरीचा, एका पायाने अधू. त्याचे दोन नातू उमाबाईंच्या वर्गात होते.

"येसाजी! ती पोरगी गेली का रे इथून? माझ्या गाडीवर?"

"आता गेली की. माज्याकडचं पानी प्याली, थोडी थांबली. म्हनली, हितं ऊन लागतंय, बाईंना सांगा, मी खाली वड्यावर सावलीला थांबते." त्याने स्वप्नीलच्या गाडीकडे पाहिलं. "आन तुमी ह्यो रेडा घिऊन कुटं चालला, बाई? आपल्या वयाला शोभंल असं कायतरी बसायला घ्या."

"किती वेळ झाला?"

"धा मिंटं नाय झाली. का वो? तोंड का असं झालंय तुमचं?"

"गाडीचा ब्रेक सुटणार आहे. तिला ठाऊक नाही."

येसाजीने हातातला दोर टाकला. काठीवर जोर देऊन कड्याच्या टोकाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अशी हाळी दिली की आंब्यातले पोपट उडाले. "ए पोऽऽरीऽऽ! थांऽऽब!" एके काळी या हाळीने समोरच्या डोंगरावरची गुरं वळत. पण खालून गाडीचा आवाज तसाच येत राहिला, पहिल्या गिअरचा, दबका. इंजिनाच्या आवाजात, हेल्मेटच्या आत काय ऐकू जाणार?

"मोळीवाल्या बायकांची पाऊलवाट आहे का अजून?" उमाबाईंनी विचारलं.

"हाय. सरळ सहाव्या वळनावर निघते. पन गाडी नाय जायाची. आन तुमीपन नाय जायाच्या, पडाल."

उमाबाईंनी गाडी आंब्याला टेकवली आणि त्या उतरू लागल्या.

पाऊलवाट म्हणजे गवतातली एक खाच. त्या कधी चालत होत्या, कधी बसून घसरत होत्या. डाव्या गुडघ्यातून कळ निघाली, तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. कान आवाजाकडे होते. आवाज डावीकडे होता, म्हणजे तिसरं वळण. मग उजवीकडे आला. चौथं. पोरगी जपून चालवत होती, देवा, जपून चालवत होती. त्या आवाजात मधेच काहीतरी टकटक वाजतंय असं त्यांना वाटलं. की ते त्यांचंच काळीज होतं?

आणि मग आवाज बंद पडला.

उमाबाई जागच्या जागी थिजल्या. गवत सळसळलं. खालून कुठून तरी कुत्रं भुंकलं. माणसाचा आवाज नाही, हाक नाही. त्यांनी तोंड उघडलं, पण नाव बाहेर पडेना. चौतीस वर्षं वर्गात आवाज लावला होता त्यांनी.

मग स्टार्टरची खरखर ऐकू आली. एकदा, दोनदा. गाडी सुरू झाली. नुसती बंद पडली असावी.

त्या पळत सुटल्या. शेवटची दहा पावलं घसरतच आल्या आणि तळहात सोलवटून सहाव्या वळणाच्या खाली रस्त्यावर पडल्या. उठल्या. वर, वळणापलीकडे, गाडी जवळ येत होती. त्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आपण काय करतोय. वळण घेऊन आली आणि समोर माणूस दिसलं, तर पोरगी काय करेल? जो ब्रेक दाबायला आपण शिकवलाय, तोच सगळ्या ताकदीने दाबेल.

त्या उडी मारून बाजूच्या बांधावर चढल्या. हेल्मेट काढून टाकलं, चेहरा दिसावा म्हणून.

गाडी वळली. सुप्रियाने त्यांना पाहिलं, डोळे विस्फारले.

"पायाचा!" आता मात्र आवाज फुटला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. "पायाचाच ब्रेक! हात सोड! हाताचा दाबू नको!" आणि उजवा तळहात त्यांनी सावकाश खाली दाबला, गोंगाट करणाऱ्या पोरांना बसवावं तसा.

सुप्रियाची दोन बोटं लिव्हरवरून उचलली गेली. मागचं चाक आवळलं, दगडांवरून खरडत तिरपं गेलं, गाडी पाच हात घसरली, दहा हात घसरली, आणि उजव्या कुशीवर गवतात आडवी झाली. सुप्रिया बाजूला फेकली जाऊन बसती झाली.

"लागलं?"

"नाही." तिने कोपर चोळलं. "अहो बाई, काय झालं? तुम्ही कुठून उगवलात? गाडी कुठेय?"

उमाबाई पुढे आल्या. त्या चाकापाशी गुडघे टेकून बसल्या. खालचा बोल्ट बोटभर बाहेर आला होता. त्यांनी चिमटीत धरून फिरवला. दीड वेढ्यात तो त्यांच्या हातात आला, गरम. कॅलिपर जरा कलला होता, आणि त्याची कड एका स्पोकला घासून तिथे चकाकी आली होती.

सुप्रिया त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. तिला कळायला वेळ लागला नाही.

"मी काल आवळायला विसरले," उमाबाई म्हणाल्या. "दूध उतू गेलं, आत गेले, आणि विसरले. वर फोटोत दिसलं."

सुप्रिया गवतात खाली बसली. हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाली, "टकटक येत होतं. तिसऱ्या वळणापासून. आणि लिव्हर फार आत जात होता."

"मग थांबली का नाहीस गं?"

"थांबले. गाडी बंद करून बघितलंसुद्धा. पण म्हटलं, बाईंची गाडी आहे." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यात मोडलं. "म्हटलं, बाईंच्या गाडीत काही चुकीचं कसं असेल? मलाच नीट चालवता येत नाहीये."

उमाबाईंच्या हातातला बोल्ट खाली पडला. त्यांनी तो शोधून उचलला. दूध, विसरभोळेपणा, वय, हे सगळं त्या वाटेत स्वतःशी कबूल करून बसल्या होत्या. हे वाक्य त्यांच्या हिशेबात नव्हतं. चौतीस वर्षांत किती पोरांनी उत्तर बरोबर असताना, फळ्यावर बाईंनी वेगळं लिहिलंय म्हणून, आपलं खोडलं असेल?

"अंबाबाईला मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुला घ्यायला आले तेव्हा सुखरूप परत आणीन असा मीच तिला शब्द दिला होता. तू काही बोलू नकोस."

"त्या पुन्हा पाठवणार नाहीत."

"नाही पाठवणार तर नाही. तिचं बरोबर असेल."

"ते माझं मी बघेन," सुप्रिया एकदम म्हणाली. आवाजात धार होती, आणि उमाबाईंना ती धार बरी वाटली. तिने हात पुढे केला. "पाना द्या."

"मी करते ना—"

"द्या इकडे, बाई."

हत्यारांची पिशवी गाडीलाच बांधलेली होती. दोघींनी मिळून गाडी उभी केली. सुप्रियाने बोल्ट रुमालाने पुसला, कॅलिपर सरळ धरला, बोल्ट फिरवला, मग पाना लावून आवळला. एकदा, आणि आणखी एकदा. वरचा, ठिपका असलेला, तोही आवळून पाहिला. वरून येसाजीची हाळी आली, "हाय का गं पोरगी?" उमाबाईंनी हात उंचावून दाखवला.

"काल आणखी काय काय उघडलं होतं?" सुप्रियाने मान वर न करता विचारलं.

"चाकाचा आस."

तिने तिथे पाना लावला. जोर दिला. हलला नाही. "पुढे?"

"एवढंच." उमाबाईंनी आठवून पाहिलं. दुखरा गुडघा सांभाळत, हात पाठीमागे बांधून त्या उभ्या होत्या. "नाही, थांब. मागच्या आठवड्यात चेन ताणली होती."

"तिच्यावर ठिपका दिलात?"

"दिला होता. पण तू बघ."

सुप्रिया सरकून मागच्या चाकाशी गेली आणि मातीत पालथी होऊन बघू लागली.