मोत्याभोवतीचं कडं

"दहा वर्षांत असं तेज बघितलं नाही!" फुसाए म्हणाली, आणि हामागुचींच्या शेडमधल्या सगळ्या बायकांनी हातातले शिंपले खाली ठेवून टाळ्या पिटल्या.

फुसाए म्हणाली म्हणजे ठरलंच. डिसेंबरात जपानमधल्या आगोच्या खाडीतून निघालेला प्रत्येक मोती आधी तिच्या टेबलावर यायचा. टेबल उत्तरेच्या खिडकीशी, कारण उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. मोती चिमट्यात धरायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याजवळ न्यायचा आणि एका शब्दात त्याची पत सांगायची. बावीस वर्षांत तिचा शब्द कोणी फिरवला नव्हता.

शेजारी तिची सोळा वर्षांची मुलगी, कोनात्सु. यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःचा चिमटा मिळाला होता आणि सुट्टीभर ती तो असा मिरवत होती, जणू तलवारच!

"आई, हा तर मला साधाच वाटतो गं."

"साधा? अगं, चक्क इंद्रधनुष्याचं कडं आहे याच्याभोवती! चिमटा धरून चार दिवस झाले नाहीत, निघाली आईला शिकवायला."

"बाईसाहेबांना चष्मा आणा कुणीतरी!" मागून ओमासा मावशी ओरडली. शेड खदखदून हसली.

कोनात्सुने पुन्हा बघितलं. कडंबिडं काही नव्हतं. मग तिने ते आहे असं ठरवून टाकलं.

"हो गं, दिसलं."

आईने पाठीवर थाप मारली. ती थाप इतकी गोड लागली, की पुढच्या चाळीस मोत्यांना कोनात्सु न बघताच 'अव्वल' म्हणाली.

रोज सकाळी आईचा उजवा डोळा जरा लाल असायचा. धुरकट दिसतं, म्हणायची. दुखत मात्र नव्हता, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. "खारं पाणी उडतं, दुसरं काय!"

फेब्रुवारीत कोबेहून नीतानी आले, जुने व्यापारी. त्यांनी 'अव्वल'चा डबा पांढऱ्या कापडावर ओतला, मोत्यांवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. मग एकही न घेता सगळे मोती हलकेच डब्यात परत भरले आणि फुसाएपुढे कमरेत वाकले.

"ताई, तब्येतीला जपा."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर फुसाएने एक मोती उजव्या डोळ्याशी धरला. कडं होतं. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने उजवा मिटून डाव्याने बघितलं. कडं नव्हतं. दुसरा मोती घेतला. तिसरा घेतला.

"कोनात्सु, तुला काय दिसतं?"

"साधा आहे, आई."

"आणि तेव्हा?"

कोनात्सुने चिमटा टेबलावर ठेवला. "तेव्हाही."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला आतून विषाणू लागलाय. पडदा सुजला की चकाकणाऱ्या वस्तूंभोवती रंगीत कडी दिसतात. डोळ्यातला दाबही फार चढलाय. "हा फारसा दुखत नाही, म्हणूनच फसवतो. औषधाच्या थेंबांनी दाब उतरेल, कडी जातील. पण दाबाने मागची नस सुकलीय. तेवढी नजर आता परत यायची नाही."

"डिसेंबरात आलो असतो तर?" कोनात्सुने विचारलं.

"पुष्कळशी वाचली असती," बाई म्हणाल्या.

सगळा माल पुन्हा निवडायचा होता. हामागुची काका म्हणाले, "फुसाए, डावा डोळा आहे ना अजून? बस बघू जागेवर."

"डावा कधी शिकलाच नाही, काका." फुसाएने खुर्ची मागे ओढली आणि मुलीकडे बघितलं. "बस."

"मी नाही बसणार. मी खोटं बोलले, आई. माझ्यामुळे तुझा डोळा..."

"डोळा माझा होता. मलाच कळायला हवं होतं." आईचा आवाज किंचित हलला. "बस म्हटलं ना."

कोनात्सु बसली. पहिला मोती उचलला, तर सगळंच पाण्यात बुडालेलं.

"आधी डोळे पूस," मागून आई म्हणाली. "ओल्या डोळ्यांना पत कळत नाही."

तिने बाहीने डोळे पुसले. "साधा," ती म्हणाली.

"पुढचा."

"साधा."

आई खिडकीकडे पाठ करून उभी होती आणि एकेक शब्द नुसता ऐकत होती.