म्हाताऱ्याचा आवाज मारबतीनं नेला

शालिकरामचा आवाज असा होता, का तो अंगणात शिंकला तं तिकडं कुहीच्या धानातले बगळे उडत. खोटं वाटत असेल तं बगळ्याइले विचारा. जवानीत तो नागपूर-भिवापूर एका प्रायव्हेट गाडीवर कंडक्टर होता. एक डाव गाडीचा हॉर्न बंद पडला. ड्रायव्हर म्हणे, आता गाडी हालत नाई. शालिकराम खिडकीतून अर्धा बाहेर निघाला अन् भिवापूर येईपर्यंत ओरडत गेला. बैलं बाजूले झाली, बैलबंड्या बाजूले झाल्या, रस्त्यात एक रेल्वेचं फाटक बंद होतं, तेबी म्हणे लाजून वर गेलं.

पुढं गाडी सुटली. आवाज तेवढा घरी आला.

घर नागपुरात, दिघोरीच्या एका गल्लीत. खाली दोन खोल्या, वर गच्ची. त्यात शालिकराम, त्याची बायको जयवंता, लेक जितेंद्र, सून मिनल अन् कॉलेजात जाणारी नात वैभवी. शालिकराम घरात बोलत नसे, घोषणा करत असे. सकाळी दुधाच्या थैल्या घेऊन आला का फाटकातूनच सांगे, "दूध आलं." त्या आवाजावर गल्लीतल्या साऱ्या बाया चहाचं आधण ठेवत. संध्याकाळी लाइट गेली का तो गच्चीवर जाऊन उभा राहे, "लाइट गेली गा." जसे बाकीचे सारे आंधळे. मग विचारे, "आपलीच गेली का पुऱ्या एरियाची?" तीन गल्ल्या पल्याडून जवाब येई. अन् लाइट आली का, "आली." तो बोलल्याशिवाय लाइट आल्यासारखी वाटतच नसे.

जयवंता लगनापासून कानावर हात ठेवून जगली. "माह्या बापानं नवरा पाह्यला का भोंगा पाह्यला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे.

त्या उन्हाळ्यात तिले भाजी चिरता चिरता चक्कर आली. डॉक्टरनं बीपी मोजलं अन् भुवया वर केल्या. गोळी दिली, मीठ कमी सांगितलं, अन् जाता जाता म्हणाला, "घरात शांतता ठेवा. कलकलाट नको."

हे वैभवीनं ऐकलं अन् कंबर कसली.

"आजी, घर म्हणजे चार्जर पायजे," ती म्हणाली. "आपलं घर तं बॅटरी खाऊन राहिलं."

तिनं मोबाइलवर काय काय पाह्यलं अन् सीताबर्डीहून दोन थैल्या सामान आणलं. खिडकीले पांढरे पडदे आले. भिंतीवरचं देवादिकाचं कॅलेंडर निघालं. टिकटिक करणारं घड्याळ कपाटात गेलं. कोपऱ्यात एक वेताची खुर्ची, बाजूले मनीप्लांट, पितळेच्या घंगाळात पानी अन् त्यावर तरंगणारी चार मोगऱ्याची फुलं. एक वाफ सोडणारी डबी होती, तिच्यातून जांभळ्या फुलाचा वास येई. जयवंताले तो बाथरूम धुतल्यासारखा वाटे, पण नातीचं मन मोडावं कसं. त्या खुर्चीत तिनं रोज बसायचं, डोळे मिटायचे, श्वास मोजायचा.

ती बसे. डोळे मिटे. अन् गच्चीवरून घोषणा होई, "जयवंता, पानी भरलं वं टाकीत." घंगाळातली फुलं हलत.

"मामाजी, जरा हळू," मिनल सासऱ्याले म्हणे.

"मी कुठं जोरात बोलून राहिलो?" शालिकराम पुऱ्या गल्लीले विचारे.

बिचारा दोन दिवस कुजबुजून पाहे, पण त्याची कुजबुजबी शेजारच्या पंचफुलाबाईले ऐकू जाई. ती भिंतीवरून सांगे, "काय ते मोठ्यानं बोला ना गा, अर्धं समजून राहिलं, अर्धं नाई."

अशात पोळा आला.

जयवंता भिवापूरकडची लेक. तिच्या माहेरी पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाची फांदी ठेवत, तिलेच मारबत म्हणत, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी घरची इडा-पिडा तिच्यावर लादून शिवेबाहेर फेकून देत. शहरात मारबतीच्या पुतळ्याची मोठी मिरवणूक निघते, पण जयवंताची मारबत घरचीच. गावावरून कोनी ना कोनी तिले पळसाची फांदी आणून देई. गल्लीच्या टोकाले एक मोकळा प्लॉट होता, तीच तिची शीव.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी ती फांदी घेऊन प्लॉटवर गेली. वैभवी मागं मागं, मोबाइलमधी शूटिंग करायले.

"रोग-राई घेऊन जाय गे मारबत," जयवंता म्हणाली. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. माशी-मच्छर घेऊन जाय गे मारबत."

इथं थांबली असती तं बरं होतं. पण बाईच्या जिभेले हाड नसते, अन् त्या दिवशी मूडबी खास होता. फांदी गरगर फिरवून तिनं ठणकावलं, "अन् माह्या म्हाताऱ्याचं बोंबलणं घेऊन जाय गे मारबत. सात समुद्राच्या पार नेऊन टाक, वापस आणू नको."

वैभवी खो-खो हासली. फांदी प्लॉटात पडली. रीत अशी आहे का फांदी फेकली का मागं वळून पाहायचं नसते. जयवंता पुढंच पाहत राहिली, अन् वैभवी मोबाइलमधी पाहत राहिली.

त्या सकाळी "दूध आलं" झालं नाई. थैल्या ओट्यावर ठेवलेल्या होत्या. गल्लीत कोनाचाच चहा झाला नाई. पंचफुलाबाई भिंतीवरून डोकावली, "का वं जयवंता, आज दूध नाई आलं का?"

"आलं ना."

"मंग सांगितलं काहून नाई?"

पहिले काही दिवस जयवंताले सोन्याचे गेले. ती वेताच्या खुर्चीत बसे अन् बसल्या बसल्या घोरे. शालिकराम सकाळी उठे, दूध आणे, पेपर वाचे, जेवे, हात धुवे. जे पायजे ते बोटानं दाखवे. फारच अडलं तं जवळ येऊन एखादा शब्द बोले, मंदिरात बोलतात तसा. मिनल आईशी फोनवर बोलली, "आमच्या घरी किती शांत वाटते आता, येऊन पाहा." जितेंद्रनं बीपीची मशीन लावली. आकडा उतरला होता. वैभवीनं आजीच्या दंडाचा फोटो काढला अन् म्हणाली, "पाह्यलं? घरानं बरं केलं तुले."

जयवंता म्हणाली, "घरानं नाई वं. मारबतीनं नेलं." अन् पोट धरून हासली.

हासणं पुढं पुढं कमी झालं. एका संध्याकाळी तिनं मुद्दाम त्याच्या वरणात मीठ टाकलं नाई. पहिले असं झालं असतं तं दिघोरीच्या चौकातली ट्रॅफिक थांबली असती. शालिकरामनं वरण-भात कालवला, खाल्ला, ताट उचलून मोरीत ठेवलं. तिनं त्याले हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायले दिलं, टॉर्च घेऊन त्याच्या घशात पाह्यलं. घसा लाल नाई, काई नाई. चांगला रिकामा रस्ता होता, गाडीच चालत नव्हती.

"आपल्या हातानं धाडलं मी," ती पंचफुलाबाईले म्हणाली. "आता मारबतीले वापस बोलवायची काई रीत आहे का वं?"

"नेलेलं आणून द्यायची रीत कुठं असते," पंचफुलाबाई म्हणाली. "मारबत काय कुरिअर आहे?"

वैभवी मोबाइल पाहत बसली होती. तिले पाडव्याच्या सकाळचं शूटिंग सापडलं. ती हासता हासता थांबली. तिनं मोबाइल आजीसमोर धरला. फांदी फिरवणारी जयवंता दिसून राहिली होती, अन् तिच्या मागं, प्लॉटच्या कडेले, दोन्ही हातात दुधाच्या थैल्या घेऊन शालिकराम उभा होता. "वापस आणू नको" झाल्यावर त्यानं मान खाली घातली अन् निघून गेला. चप्पल वाजू नये म्हणून हळू हळू.

"आजी, आबाजीनं ऐकलं सारं," वैभवी म्हणाली.

मारबतीनं नेलं असतं तं जयवंतानं तिले शिव्या तरी दिल्या असत्या.

ती गच्चीवर गेली. शालिकराम तुळशीले पानी घालून राहिला होता. तिनं त्याच्या हातातला गडवा घेतला. "अजी, मस्करी केली होती मी. त्या दिवशी. प्लॉटावर."

शालिकरामनं मान हालवली. समजलं, अशी.

"मंग बोला ना गा."

तो जवळ आला. तिच्या कानाशी वाकला. "तुह्यं बीपी उतरलं," तो म्हणाला. "मशीन खोटं नाई बोलत."

"मशीनीले काय समजते?"

"त्या दिवशी तू भाजीवर पडली होती," तो म्हणाला. बस. गडवा घेऊन तो दुसऱ्या कुंडीकडं गेला.

आता रुसलेल्या माणसाले मनवता येते. लगन झाल्यापासून तिनं त्याले इतके वेळा मनवलं होतं, का तिचा हात बसला होता. पण हा तं रुसला नव्हता. हा तिच्या भल्यासाठी मुका झाला होता, अन् वरून डॉक्टर, मशीन, सून, नात, सारे त्याच्या पार्टीत. भांडावं कोनाशी?

जयवंता हुशार बाई. तिनं ठरवलं, मशीनच पलटवू. शांततेनं बीपी उतरत नाई, असं एक डाव दिसलं का म्हातारा आपोआप बोलते. तिनं मिनलची नजर चुकवून माळ्यावरची भरणी काढली. भिवापुरी मिरचीचं लोणचं, इतकं जहाल का भरणीचं झाकण काढलं का शेजारची मांजर शिंके. ती लोणचं चाटे, मिठाचे पापड खाये, अन् गोळी पदराच्या गाठीत बांधे. चार-पाच दिवसानं जितेंद्रनं मशीन लावली. आकडा वर, पार डॉक्टरच्या भुवईपर्यंत.

"पाह्यलं?" जयवंता विजयी आवाजात म्हणाली. "काई फायदा नाई तुमच्या शांततेचा. बोला बरं सारे मोठ्यानं."

शालिकरामनं आकडा पाह्यला. दुसऱ्या दिवसापासून तो घरात चप्पल घालेना. ताट वाजू नये म्हणून केळीच्या पानावर जेवू लागला. खोकला आला का तोंडावर उशी धरे. अन् संध्याकाळी त्यानं आपली खाट, पांघरूण, पेपराचा गठ्ठा, सारं गच्चीवरच्या टिनाच्या शेडात नेलं. श्वासाचा आवाजबी नको म्हणून.

जयवंता जिन्याच्या पायरीवर बसून पाहत राहिली. करायले गेली काय अन् झालं काय. तिनं मिनलले लोणच्याचं सांगून टाकलं, पदराची गाठ सोडून गोळ्या दाखवल्या. मिनलनं कपाळाले हात लावला अन् भरणी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. "मामाजीले मी सांगते, तुम्ही लोणचं खाल्लं म्हणून," ती म्हणाली. सांगितलंबी. शालिकरामनं ऐकलं, अन् मिनलले हळूच म्हणाला, "राहू दे. मी वरच बरा. खाली आलो का तोंडातून निघून जाते."

पोरगी माहेरी जाते तं वापस येते. गाय चुकली तं हंबरते. हे काय होतं? घरात होतं अन् नव्हतं. वैभवीनं आणलेली वाफेची डबी रात्रंदिवस वास सोडे. पांढरे पडदे हालत. पाव्हने येत अन् म्हणत, "किती छान ठेवलं जी घर, इथून उठावंसंच वाटत नाई." जयवंता त्याइले चहा देई अन् मनात म्हणे, मले उठून जावंसं वाटते, त्याचं काय करू.

एका संध्याकाळी ती त्या खुर्चीत बसली होती. घंगाळातली फुलं सुकली होती, बदलायचं कोनाले सुचलं नव्हतं. पंखा थांबला. अंधार झाला. लाइट गेली.

साऱ्या गल्लीची गेली होती. पण कोनीच काई बोललं नाई. पंचफुलाबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. पल्याडचा एकजण बाहेर आला, वर गच्चीकडं पाहू लागला. सवय होती ना. लोक अंधारात उभे राहून वाट पाहत होते, का कोनी सांगेल अन् मग मेणबत्ती शोधू.

गच्चीवर सामसूम.

जयवंता उठली. चाचपडत अंगणात आली. पदर खोचला, मान वर केली, अन् घसा फाडून ओरडली, "लाइट गेली वोऽऽ."

आवाज चिरकला. बाईचा आवाज, त्यात म्हातारीचा. तीन गल्ल्या काय, पंचफुलाबाईच्या भिंतीपर्यंत गेला अन् बसला. गच्चीवर खाट कुरकुरली. शालिकराम कठड्याशी आलेला दिसला, काळ्यावर काळा.

"दिसून राहिलं," तो म्हणाला. मंदिरातल्यासारखा.

तेवढ्यानंबी तिचा जीव हरखला. ती अजून जोरानं बोलली, "आपलीच गेली का पुऱ्या एरियाची?" हा सवाल त्याचा होता, तिनं त्याच्या हातात आणून ठेवला. आता फक्त त्यानं छाती भरून तोच तिकडं फेकायचा होता, दिघोरीच्या पार.

शालिकरामनं श्वास घेतला. तिले इतक्या खालून ऐकू आला. सारी गल्ली थांबली होती.

मग त्यानं तो तसाच सोडून दिला.

"हळू बोल वं," तो म्हणाला. "चक्कर येईन तुले. खाली बैस."

जयवंता अंगणातच पायरीवर बसली. त्यानं बैस म्हटलं म्हणून बसली. वर तो उभा, खाली ती, अन् मधात पुरा जिना.

थोड्या वेळानं पंखे फिरू लागले, खिडक्या उजळल्या. जो तो आपल्या घरात गेला.

लाइट आली होती. आली म्हणून कोनी सांगितलं नाई.