दाराची आतली बाजू

धड्यातला माणूस सोमवारी दुसऱ्या तासाला डोक्यावर दार घेऊन आठवी ‘ब’च्या वर्गात आला. ते त्याने फळ्यासमोर फरशीवर उभं केलं आणि वर्गाचं स्वतःचं दार भिंतीत बुजून गेलं. मागोमाग खिडक्याही गेल्या. ओल्या चुन्याचा वास तेवढा राहिला.

मराठीच्या शेवतेबाईंना माणूस आल्याचं नवल नव्हतं. वाचन झालं की त्यातलं कुणी ना कुणी वर्गात यायचंच. मागच्या आठवड्यात कवितेतली चिमणी आली होती. बाईंनी फळ्यावर ‘निसर्गप्रेम’ लिहिलं, मुलांनी वहीत त्याभोवती चौकट काढली, आणि चिमणी उडून गेली. त्याआधी आलेला लाकूडतोड्या ‘श्रमप्रतिष्ठा’ ऐकून, नमस्कार करून गेला. मध्यवर्ती कल्पना हातात पडली की पाहुणा निघतो, असा रिवाजच होता, आणि तो पाळायला बाईंना फार डोकं लागत नसे.

हा धडा होता ‘दार’. एका माणसाचं गाव धरणाच्या पाण्यात जातं. तो घराचं दार तेवढं काढून घेतो आणि गावोगाव हिंडतो. प्रत्येक गावात दार उभं करतो, वाजवतो, थांबतो, पुन्हा डोक्यावर घेऊन पुढे जातो. धडा तिथंच संपतो.

“लिहून घ्या,” बाई म्हणाल्या. “विस्थापितांचे दुःख.”

माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग दारावर टकटक केली, कान देऊन थांबला आणि मान हलवली. चारही भिंती हातभर आत सरकल्या. मागची बाकं पुढच्या बाकांना येऊन भिडली.

घार्ग्यांचा पृथ्वीराज, वर्गातला पहिला नंबर, गाइड उघडूनच बसला होता. “जिद्द आणि चिकाटी,” तो म्हणाला. टकटक झाली, भिंती सरकल्या. “पर्यावरणाचा ऱ्हास.” पुन्हा तेच. आता बाकं एकावर एक चढली आणि मुलं उभी राहिली, कारण बसायला जागाच उरली नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गाइडाची पानं संपली, तरी दार आतून बंद ते बंदच.

“बाबा, जरा टेका तरी,” बाई त्या माणसाला म्हणाल्या.

“दार पडंल,” तो म्हणाला. “चालू द्या तुमचं. मला सवय हाय.”

भिंतीपलीकडून मुख्याध्यापकांचा आवाज आला. “शेवतेबाई, तास संपला का?”

“नाही, सर.”

“मग चालू द्या.”

बाईंना भीती वाटली. भिंती अशाच येत राहिल्या तर पोरं संध्याकाळी घरी जाणार नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बाहेर पडायला आता हे एकच दार होतं. आणि हा माणूस त्याच्यापुढे इतक्या सवयीने उभा होता, की त्याचाही त्यांना राग आला.

त्यांनी खडू खाली ठेवला. “गाइड दप्तरात टाका. एका शब्दात उत्तर कुणी द्यायचं नाही. हा माणूस काय करतो, तेवढंच बघा आणि सांगा.”

“दार वाजवतो, बाई.”

“ते आम्हाला ठाऊक आहे. नीट बघा. काय काय करतो, आणि काय करत नाही?”

मुलं बघायला लागली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच. “वाजवायच्या आधी पायातली चप्पल काढतो,” एकजण म्हणाला. “केस सारखे करतो,” दुसरा म्हणाला. “दार ढकलत नाय कधी. वाट बघतो.” भिंती जागच्या जागी थांबल्या होत्या, पण मागेही जात नव्हत्या.

मुल्लांची शबनूर टाचा उंचावून कधीपासून बघत होती. “बाई, ह्यो सगळ्या गावांत भायेरच उभा ऱ्हायलाय. आतल्या बाजूला कोनच नाय गेलं.”

“धड्यात?”

“धड्यात नाय, आन् आपन पन नाय. आपन समदी भायेरच हाय की.”

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. खरंच, सगळा वर्ग त्या माणसाच्या बाजूला दाटून उभा होता, आणि दारापलीकडे कुणीही नव्हतं. “चला,” त्या म्हणाल्या.

“पण बाई, मग उत्तर काय लिहायचं?” पृथ्वीराजने विचारलं.

“मागनं बघू. आधी चल.”

मुलं एकामागून एक दाराला वळसा घालून पलीकडे गेली. दार आणि फळा यांच्यात एखादं पोर अंग चोरून उभं राहील एवढीच जागा, पण शेवटचा मुलगा आत आला तरी ती भरली नाही. बाई सगळ्यांच्या मागून आल्या. आत अंधार होता.

बाहेर टकटक झाली. आतून ती वेगळीच ऐकू येत होती, दिवेलागणीला घरातलं माणूस परत आल्यासारखी. शबनूरने दोन्ही हात दारावर ठेवले.

“कोन हाय?”

मग माणूस म्हणाला, “मी.”

“मी म्हंजे कोन?” पृथ्वीराजने विचारलं.

“मी... तातोबा.”

हे नाव धड्यात कुठंच नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या पोराचा खांदा घट्ट धरला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असं कधी झालं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला, उंचावर, लोखंडी कडी होती. तिच्यापर्यंत कुणा मुलाचा हात पोचेना, म्हणून बाईंनीच टाच उचलली.

तेवढ्यात पाठीमागून भाजत्या भाकरीचा वास आला. फळा जिथं होता तिथून, मुलांच्या गर्दीतून वाट काढत, पिठाचे हात पदराला पुसत त्या घरातली बाई पुढे आली.

“व्हा गं जरा बाजूला, पोरींनो,” ती म्हणाली, आणि तिनं कडीला हात घातला.