बिनवारा

मी ढग बोलतोय. आभाळातला नव्हे, संगणकातला. चार खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा असलेल्या खोलीत पीएचडी करणाऱ्या एका मुलीने मला गणितातून घडवलं. तारे जन्मतात त्या वायूच्या ढगांची मी नक्कल.

मला पाच भावंडं. त्यांच्या पोटात तिने तारे ठेवले आणि ताऱ्यांमधून सुटणारा सोसाट्याचा वारा सोडला. तुलनेला एक साधा ढग हवा, म्हणून मी. फाईलला नाव पडलं 'बिनवारा'. आहेच मी तसा, कुणाचाच वारा न लागलेला!

खऱ्या ढगात असा वारा आहे की नाही, हे दुरून कसं ओळखायचं? त्यासाठी तिने संख्याशास्त्राची पंधरा मापं जमवली होती. वायू कुठे दाट, कुठे विरळ, कुठे किती वेगात, ते सांगणारी. त्यातलं एक तिचं लाडकं. भावंडांना ते लावलं की आलेख टुणकन वर उडायचा. त्याच्यावर तीन वर्षं गेली आणि शोधलेख तयार झाला.

तेवढ्यात डिस्क भरली. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, बिनवारा पुसून टाक, त्याचं काम झालं.

पुसण्याआधी तिने मला एकदा उघडलं. संगणकात आमचंही वय वाढतं. वारा मुरायला वेळ लागतो, म्हणून भावंडांचं तिने म्हातारपण मापलं होतं. माझं मात्र बाळपणच. याच्यात काय बदलणार, असं समजून. आता माझ्या म्हातारपणाला तेच माप लावलं. आलेख टुणकन वर उडाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माप वारा ओळखत नव्हतं, वय ओळखत होतं.

"ते पुढच्या लेखात बघू. हा पाठवून दे," सर म्हणाले.

"सर, ज्याला वाराच लागला नाही, त्यालाही ते वारा लागला म्हणतंय. मी नाही पाठवणार."

सरांनी चष्मा पुसला. मग स्वतःच्या जुन्या फायली पुसून मला जागा करून दिली.

ती पुन्हा पहिल्यापासून लागली. सगळे ढग एकाच वयाचे घ्यायचे, प्रत्येक माप आधी मला लावायचं, माझ्यावर उडालं की काट मारायची. पहिली काट लाडक्यावर पडली. आई फोनवर विचारायची, "अगं, खऱ्या आभाळाकडे कधी बघणार?" ती म्हणायची, "आधी खोटं तरी नीट कळू दे."

बारा मापं गेली, तीन उरली. भावंडांपाशी ती बोलतात, माझ्यापाशी गप्प बसतात. त्यांचं ते गप्प बसणं ही माझी आयुष्यभराची कमाई.

परवा तिने खऱ्या ढगांची निरीक्षणं उघडली. त्यांच्या कपाळावर 'वारा' की 'बिनवारा' असं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून एकच मागणं आहे. वारा सापडला असं म्हणण्याआधी मला एकदा विचारा.

मी इथेच आहे. माझ्या फाईलचं नाव तिने आता लांबवलंय: 'बिनवारा – पुसू नये'.